पाणीवालीचा पदर

ती तक्रार मी आजही विसरलेलो नाही. सुरतच्या जुन्या शहरातल्या एका पोलीस स्टेशनचा मी तेव्हा इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपली होती, आरोपींना कोर्टात नेणारी गाडी दारात उभी होती आणि तक्रारी लिहून घेणाऱ्या अंमलदाराच्या टेबलापाशी हसण्याचा आवाज येत होता. पोलीस स्टेशनात सकाळी सकाळी हशा पिकला, की समोर एखादा अडलेला माणूस उभा असतो, हा माझा अनुभव. म्हणून मी केबिनमधून बाहेर आलो.

टेबलासमोर एक वयस्क बाई ताठ उभ्या होत्या. फिक्या रंगाची सुती साडी, हातात कापडी पिशवी. महापालिकेच्या मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, हे नंतर कळलं. पण त्यांच्या उभं राहण्यावरूनच ते ओळखता आलं असतं.

आमचा जमादार हसू दाबत म्हणाला, “साहेब, ह्या म्हणतात, चर्चच्या खिडकीतल्या बाईचा पदर सरकलाय.”

“सरकलाय असं मी म्हटलं नाही,” बाई म्हणाल्या. “डाव्या खांद्यावर होता, तो उजव्या खांद्यावर आलाय. म्हणजे ती खिडकी आमची नाही. आमची कुणीतरी नेली आणि तिथे दुसरी बसवली. माझी तक्रार लिहून घ्या.”

मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि चहा मागवला. सगळं ऐकून घ्यायला थोडा वेळ लागला, पण बाई मुद्द्याला धरून बोलत होत्या.

जुन्या शहरात इंग्रजांच्या काळातलं एक लहानसं चर्च आहे. त्याच्या पूर्वेकडच्या भिंतीत रंगीत काचेची एक उंच खिडकी आहे. ती एका मराठी परिचारिकेचं स्मारक म्हणून बसवलेली. फार पूर्वी शहरात तापाची साथ आली, लोक घरदार सोडून पळाले, तेव्हा ही बाई रुग्णांपाशी राहिली आणि त्याच तापाने गेली. तिच्या हातून बरे झालेल्यांनी, त्यात हिंदू, मुसलमान, पारशी सगळे आले, पैसे जमवून विलायतेतून ती खिडकी करून आणली. कारागिराला तिचा फोटो पाठवला होता. त्यामुळे देवदूत किंवा मेंढपाळ न काढता त्याने काचेवर चक्क लुगडं नेसलेली बाई काढली. खाटेवरच्या रुग्णाला ती तांब्याने पाणी पाजते आहे. चर्चचे लोक तिला ‘पाणीवाली’ म्हणत. खिडकीखाली संगमरवरी पाटी, तिच्यावर इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर.

“मी नगरहून लग्न होऊन इथे आले,” बाई म्हणाल्या. “गुजराती अक्षर येत नव्हतं. दुकानांच्या पाट्या, बसवरची नावं, काही कळायचं नाही. पहिल्या रविवारी चर्चमध्ये गेले आणि त्या पाटीवर मराठी दिसलं. या गावात मला वाचता आलेली ती पहिली ओळ, साहेब. तेव्हापासून मी त्याच बाकावर बसते. तिचा पदर कुठे होता हे मला विसरायला होईल का?”

खिडकी दुरुस्तीसाठी उतरवली होती आणि नुकतीच परत बसवली होती. समारंभ झाला, पेढे वाटले. बाईंनी चर्चच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना सांगितलं, चर्चच्या समितीला सांगितलं. सगळे म्हणाले, धुतल्यामुळे वेगळी दिसते, तुमच्या डोळ्यांना मोतीबिंदू असेल. त्यांनी पिशवीतून डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दोन्ही डोळे उत्तम होते.

मी टोपी घातली आणि जमादाराला म्हटलं, “चल, पदर बघून येऊ.”

त्या चर्चवरून माझी गाडी शेकडो वेळा गेली असेल, आत मात्र पहिल्यांदाच गेलो. भिंतींवर ओळीने स्मरणपाट्या होत्या. कुणी विशीत गेलेला कारकून, कुणाची बाळंतपणात गेलेली बायको, कुणाचं वर्षही न भरलेलं लेकरू. परक्या मुलखात येऊन मेलेल्या माणसांची नावं कुणीतरी दगडात कोरून ठेवली होती आणि आमच्या शहराने ती सांभाळली होती. आम्ही पोलीस मृत्यूच्या नोंदी रोज करतो. तिथे उभं राहून वाटलं, नोंद अशीही करता येते.

पूर्वेची खिडकी सकाळच्या उन्हात लखलखत होती. गोंडस चेहऱ्याची बाई, हातात तांब्या, खाटेवर रुग्ण. पदर खरंच उजव्या खांद्यावरून पुढे घेतलेला. गुजराती बायका घेतात तसा.

पाळकसाहेब शांत स्वभावाचे गृहस्थ. ते म्हणाले, “साहेब, फार तर काच उलटी बसली असेल. बाहेरची बाजू आत. सांगितलं तर दुरुस्ती केलेला कॉन्ट्रॅक्टर सुलटी करून देईल. त्यात पोलिसांचं काय काम?”

हे बोलणं पटण्यासारखं होतं. जमादारानेही मान डोलावली. मी खिडकीसमोर उभा राहून विचार करत होतो. मग बाईंना विचारलं, “तांब्या कोणत्या हातात होता?”

“उजव्या. आताही उजव्याच हातात आहे.”

“आणि खाट?”

“खाट आपल्या डावीकडे होती. आताही तिथेच आहे.”

मी पाळकांकडे वळलो. “काच उलटी बसली असती तर सगळंच उलटं झालं असतं. तांब्या डाव्या हातात गेला असता, खाट त्या बाजूला गेली असती. सगळं जिथल्या तिथे आहे आणि एकटा पदर इकडचा तिकडे गेलाय. पाळकसाहेब, हे चित्र कुणीतरी नव्याने काढलंय.”

पाळक खाली बसले. जमादाराने तेवढ्यात स्वतःच्या अंगावर हाताने पदर घेऊन पाहिला, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, आणि मग तोही गंभीर झाला. त्या क्षणापासून त्याने या गुन्ह्याच्या तपासात जिवापाड काम केलं, हे इथे नमूद करतो.

बाईंच्या फिर्यादीवरून फसवणूक आणि विश्वासघाताचा गुन्हा दाखल केला. दोन पंच बोलावून खिडकीचा पंचनामा केला. मग कॉन्ट्रॅक्टरला जबाबासाठी बोलावलं.

माणूस पन्नाशीचा, बोलायला गोड. बंगल्यांना शोभेच्या काचा करून देण्याचा त्याचा धंदा, इच्छापोरला वर्कशॉप. मी त्याला पदराबद्दल एक अक्षर विचारलं नाही. चौकशीतला माझा एक नियम होता. खोटं बोलणाऱ्याला मध्ये अडवायचं नाही. त्याला पोटभर बोलू द्यायचं, लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवून सही घ्यायची. अडवलं की तो सावध होतो, ऐकून घेतलं की तो स्वतःच स्वतःला बांधून घेतो.

“साहेब, जेवी हती तेवी ज बेसाडी छे,” तो छातीवर हात ठेवून म्हणाला. जशी होती तशीच बसवली. एक तुकडाही बदलला नाही, फक्त धुऊन जोड पक्के केले. वर हेही म्हणाला, की हे पुण्याचं काम म्हणून त्याने जातीने लक्ष घातलं होतं.

“एकही तुकडा नवा नाही?”

“एकही नाही.”

जबाब लिहिला, वाचून दाखवला. त्याने ऐटीत सही केली. मी त्याला जाऊ दिलं. जमादार अस्वस्थ झाला, पण माझ्या हातात तोवर एका शिक्षिकेच्या आठवणीपलीकडे काही नव्हतं. आठवणीवर कोर्ट शिक्षा देत नाही. मला जुन्या खिडकीचा पुरावा हवा होता.

तो रस्ताही बाईंनीच दाखवला. “या चर्चमध्ये इतकी लग्नं लागली. प्रत्येक जोडप्याचा फोटो पाणीवालीसमोर काढतात. विचारा की त्यांना.”

पाळकांनी रविवारी प्रार्थनेनंतर निरोप सांगितला आणि सोमवारी आमच्या पोलीस स्टेशनात जे दृश्य दिसलं, तसं मी नोकरीत पुन्हा पाहिलं नाही. लग्नाचे अल्बम घेऊन माणसं येऊ लागली. उधन्याहून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर काम करणारी मराठी कुटुंबं, अडाजणहून बँकेतले, तापीपलीकडच्या वसाहतींतून रिक्षा करून आलेली म्हातारी जोडपी. कुणी मखमली पुठ्ठ्याचा अल्बम आणला, कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. जिथे एरवी हातकडी घातलेले बसतात त्या बाकावर बायका एकमेकींच्या लग्नातल्या साड्या बघत बसल्या. “अगं, किती बारीक होतीस!” असे आवाज लॉकअपपर्यंत जात होते.

पण अडचण वेगळीच निघाली. खिडकीसमोर फोटो काढायचा तर उजेड मागून येतो. फोटोग्राफरने माणसं नीट दिसावीत म्हणून फ्लॅश मारलेला, त्यामुळे मागची खिडकी कुठे पांढरीफटक, कुठे काळी. अल्बममागून अल्बम उलटले. तांब्या दिसे, तर खांदा नवरीच्या फुलांमागे झाकलेला. मोबाइलवरच्या फोटोंत खिडकी धुळीने मळलेली. दुपार कलली तेव्हा जमादाराचाही उत्साह ओसरला होता.

शेवटी उधन्याचं एक जोडपं आलं. नवरा लूमवर मुकादम. बायकोने अल्बम उघडला आणि एक पान घाईने उलटलं.

“ते काय होतं?” मी विचारलं.

“तो फोटो फसलाय, साहेब,” ती ओशाळून म्हणाली. “फ्लॅश पेटलाच नाही. आमची दोघांची तोंडं काळीठिक्कर आलीत. सासूबाई म्हणाल्या फाडून टाक, पण लग्नातला फोटो कसा फाडायचा?”

मी पान मागे घेतलं. नवरानवरीच्या नुसत्या सावल्या होत्या, आणि त्यांच्या मागे पाणीवाली रंगारंगाने झळकत होती. हिरवं लुगडं, लाल काठ, कासोटा, आणि पदर डाव्या खांद्यावर. चेहराही वेगळा. आताच्या काचेतली गोंडस होती. ही रापलेली होती, गालफडं वर आलेली, कित्येक रात्री न झोपलेली बाई वाटत होती.

“ताई,” मी म्हणालो, “तुमच्या लग्नातला सर्वांत चांगला फोटो हाच आहे.”

शिक्षिकाबाईंना बोलावून फोटो दाखवला. त्यांनी तो उजेडात धरला. मग चष्मा पुसून एवढंच म्हणाल्या, “हीच.”

कॉन्ट्रॅक्टरला पुन्हा आणलं. आधी त्याचा सही केलेला जबाब त्याच्यापुढे ठेवला, मग फोटो. पण तो मुरलेला माणूस, लगेच दुसरी वाट धरली. काच उतरवायला आणि बसवायला एक मराठी कारागीर होता, त्यानेच मध्ये बदलली असेल, आणि तो आता काम सोडून गावाकडे पळाला आहे.

गरीब माणूस पळाला म्हटलं की पोलिसांनाही चटकन खरं वाटतं. मी कारागिराचा पत्ता काढायला लावला. तो कुठेही पळाला नव्हता. कोसाडच्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर, मलेरियाने फणफणून पडला होता. मूळचा जालन्याकडचा. दारात त्याची बायको आडवी उभी राहिली.

“सायेब, काच बसवायचं काम हाय त्यांचं, चोरायचं न्हाई. न्यायचं आसंल तर मलाबी संगं न्या.”

“न्यायला नाही आलो, ताई. विचारायला आलोय.”

मी खाटेशेजारी बसलो आणि त्याच्याशी मराठीत बोललो. आमचं घर खानदेशी, वडील उधन्यात मिलमध्ये होते, हे सांगितलं. माणूस जरा सैलावला. त्याने सांगितलं ते असं: खिडकी त्याने सुखरूप उतरवली, गवत भरून लाकडी पेटीत ठेवली आणि पेटी इच्छापोरच्या वर्कशॉपला पोचवली. परत आलेली काच त्याला वेगळी वाटली. त्याने शेठला विचारलं. शेठ म्हणाला, तुला बसवायचे पैसे मिळतात, बघायचे नाहीत.

“मी गप बसलो, सायेब,” तो कण्हत म्हणाला. “पण कुनी सरळ इचारलं आसतं तर सांगितलं आसतं.”

त्याला आधी दवाखान्यात पाठवलं आणि बरा झाल्यावर रीतसर जबाब घेतला. आमचं डिटेक्शनचं पथक तेवढ्यात इच्छापोरला पोचलं होतं. तिथे काचेवर चित्रं काढणारा एक सुरती तरुण होता, एरवी साड्यांची डिझाइनं करणारा. तो घाबरला नाही, उलट आपल्या कामाची तारीफ होते आहे असंच त्याला वाटलं. चर्चला जुनी काच जपून ठेवायची आहे आणि तिथे नक्कल बसवायची आहे, असं शेठने त्याला सांगितलं होतं. मोबाइलवरचा एक अंधुक फोटो पाहून त्याने चित्र काढलं. मूळ काच त्याच्या नजरेला पडू दिली नव्हती.

“पदर उजव्या खांद्यावर का काढला?” मी विचारलं.

“फोटोमां खभो देखातो न होतो, साहेब. मारी बा पहेरे छे एम काढ्यो.”

फोटोत खांदा दिसत नव्हता, म्हणून त्याने आपल्या आईसारखा पदर काढला होता. चेहराही आईचाच होता, हे त्याने लाजत सांगितलं. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. त्याने चोरीत भाग घेतला नव्हता, आणि काढलं ते मायेने काढलं होतं.

कॉन्ट्रॅक्टरला अटक केली. रिमांडमध्ये त्याच्यासमोर मी फक्त एक वाक्य बोललो: “तुमच्या चित्रकाराची आई पदर कुठल्या खांद्यावर घेते, हे विचारून आलोय.” तो समजला. थोडं पाणी प्याला आणि मूळ खिडकी कुठे आहे ते सांगितलं.

शहराबाहेर एका बड्या आसामीचं फार्महाऊस होतं. नाव सांगत नाही, शहरात वजन असलेला माणूस. जिन्याच्या वळणावर त्याने ती खिडकी लावून घेतली होती, मागे विजेचे दिवे सोडून. पंचांना घेऊन आम्ही आत गेलो आणि मी तिला पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिलं. फोटोत कळलं नव्हतं, पण रुग्णाच्या मानेखाली घातलेला तिचा हात मोठा, खरखरीत होता. कामाचा हात. माझी आई असंच लुगडं नेसायची, आजारी माणसाची मान असाच हात घालून उचलायची. मी पंचनामा लिहायला सांगितलं आणि जमादाराने कागद पुढे ओढला.

मालक शांतपणे म्हणाला, “मी पैसे मोजून घेतली आहे. एका काचेसाठी एवढी फौज?”

“जप्तीसाठी आलोय,” मी म्हणालो. “बाकीचं कोर्टात.”

मग खरी परीक्षा झाली, आणि ती माझी नव्हती. चर्चचं छप्पर बऱ्याच वर्षांपासून गळत होतं. मालकाचा वकील समितीकडे गेला. फिर्याद ढिली करा, म्हणाला, आमचे साहेब सगळं छप्पर नवं करून देतील, वर पंखे देतील. साक्षीदार फिरले की खटला कोसळतो, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. समितीतले लोक काही श्रीमंत नव्हते. काहींचं मन डळमळलं. त्या बैठकीला जायचा मला अधिकार नव्हता. मी स्टेशनात बसून राहिलो. नोकरीत मी जमावासमोर उभा राहिलोय, पण त्या संध्याकाळएवढी धाकधूक क्वचितच झाली.

बैठकीत काय झालं ते पाळकांनी येऊन सांगितलं. सगळे बोलून झाल्यावर शिक्षिकाबाई उठल्या आणि म्हणाल्या, “छप्पर गळलं तर आपण छत्री धरून प्रार्थना करू. ती तापाच्या साथीत पळाली नाही, आणि आपण पावसाला घाबरून तिला विकायची?” उधन्याचा मुकादम उठून त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, मग त्याची बायको, मग एकेक करून सगळे.

एकही साक्षीदार फिरला नाही. कोसाडच्या कारागिराने भर कोर्टात शेठच्या डोळ्याला डोळा भिडवून साक्ष दिली. फॉरेन्सिकवाल्यांनी दोन्ही काचांचा फरक अहवालात दिला. कॉन्ट्रॅक्टरला शिक्षा झाली, चोरीचा माल घेतल्याबद्दल फार्महाऊसच्या मालकालाही. खटला चालू असतानाच आम्ही मुद्देमालाचा ताबा चर्चला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज केला होता, कारण मालखान्यात जप्त दुचाकींच्या शेजारी ती पडून राहणं मला सहन होत नव्हतं. कोर्टाने हमीपत्रावर परवानगी दिली.

खिडकी पुन्हा बसवली ती त्याच कारागिराने. त्या सकाळी पाळकांनी आम्हाला गणवेशात यायचा आग्रह केला होता. आम्ही सगळे मागच्या भिंतीपाशी टोप्या काढून उभे राहिलो, स्मरणपाट्यांच्या खाली. सुरती चित्रकारही आला होता, आईला घेऊन. त्याने काढलेली काच चर्चने टाकली नाही, बाजूच्या खोलीत लावली, जिथे मुलांचे वर्ग भरतात. त्याची आई तिच्यासमोर उभी राहून तोंडाला पदर लावून हसत होती.

ऊन चढलं आणि खिडकीतून हिरवा-लाल उजेड आत उतरला, तेव्हा शिक्षिकाबाईंनी वळून आमच्याकडे पाहिलं. आभार मानले नाहीत. वर्गात बरोबर उत्तर देणाऱ्या मुलाला बाई मान हलवून पावती देतात ना, तशी मान हलवली. माझ्या जमादाराने छाती पुढे काढली. खरं सांगायचं तर मीही काढली.

या गुन्ह्याने मला एक गोष्ट शिकवली आणि निवृत्त होईपर्यंत मी ती हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगितली. काय गेलं, हे फिर्यादीला विचारायचं. ते किती मोठं होतं, हे आपण ठरवायचं नाही. आपल्याला काच दिसते, समोरच्या माणसाचं माणूस गेलेलं असतं. आणि जो सामान्य माणूस कुणी ऐकत नसतानाही तपशिलाला धरून राहतो, त्याच्या जोरावर कायदा उभा असतो. आम्ही फक्त गणवेश घालून त्याच्या मागे जातो.

दरोडे, खून, दंगली, सगळं पाहिलं. तरुण अधिकारी विचारतात, “साहेब, तुमची सर्वांत मोठी केस कोणती?” मी त्यांना गाडीत घालून त्या चर्चमध्ये नेतो, पुढच्या बाकावर बसवतो आणि वर बघायला सांगतो.